साफ केलेलं ग्राफिक्स कार्ड पुन्हा पुन्हा तापत असेल तर

मार्च निम्मा झाला की दुकानात एकच तक्रार यायला लागते. "भाऊ, संक्रांतीला तर साफ करून नेलं होतं, पुन्हा बंद पडायलंय." गेम खेळणाऱ्या पोराचं चित्र अडकत अडकत चालतं, स्टुडिओवाल्याचं लग्नाच्या व्हिडिओचं रेंडर अर्ध्यात थांबतं, आणि कार्डाचे पंखे असे ओरडतात की शेजारच्या खोलीत ऐकू जातं. परभणीत दुरुस्तीचं काम करताना मी अशी बरीच कार्डं उघडली आहेत. त्यातली खरोखर जळालेली थोडी. बहुतेक धुळीनं गुदमरलेली, आणि तीही मधूनमधून साफ होत असताना! एवढं होऊनही कार्ड तापत असेल तर दोन गोष्टी बघायच्या. एक, साफ करताना खरी धूळ आतच राहिली का. दोन, धूळ ज्या वाटेनं येते ती वाट उघडीच आहे का. बहुतेकांच्या दोन्ही गोष्टी राहिलेल्या असतात.

आधी धूळच आहे का ते बघा

स्क्रूड्रायव्हर हातात घेण्याआधी तापमान बघा. विंडोज ११ मध्ये, आणि विंडोज १० च्या २०२० नंतरच्या आवृत्त्यांत, टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स भागात जीपीयूवर (म्हणजे ग्राफिक्सच्या चिपवर) गेलं की वेगळ्या बसवलेल्या कार्डाचं तापमान तिथंच दिसतं. जीपीयू-झेड हे फुकट सॉफ्टवेअर त्याहून बरं. त्यात पंख्याचा वेग दिसतो, बऱ्याच कार्डांचं हॉटस्पॉट तापमान (चिपच्या सगळ्यात गरम जागेचं) दिसतं आणि एनव्हीडिया कंपनीच्या कार्डांचा वेग कशामुळे उतरला तेही कळतं.

पण आकडा एकटा बघू नका, त्यातून खोलीचं तापमान वजा करा. हे आपल्या भागात फार महत्त्वाचं आहे. समजा जानेवारीत खोली २४ अंशांवर आहे आणि कार्ड पूर्ण कामावर ६८ दाखवतंय. फरक झाला ४४. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत पारा ३९ वर गेला, तर तेच स्वच्छ कार्ड ८३ च्या आसपास जाणारच. यात धुळीचा दोष नाही. मात्र पंखे तेवढ्याच वेगानं फिरत असताना तोच फरक ५५ वर गेला असेल तर हवा कुठंतरी अडली आहे, मग महिना कुठलाही असो. म्हणून कार्ड साफ केल्या दिवशी खोलीचं आणि कार्डाचं तापमान एका चिठ्ठीवर लिहून कॅबिनेटला आतून चिकटवून ठेवा. पुढच्या वेळी अंदाजानं बोलायची गरज राहत नाही.

एनव्हीडियाची बरीच कार्डं ८३ अंशांच्या आसपास गेली की आपणहून वेग उतरवायला लागतात. एएमडीच्या नव्या कार्डांत हॉटस्पॉट ११० पर्यंत गेलेलं कंपनीच चालवून घेते, तेव्हा तो आकडा बघून घाबरू नका. वरचं उदाहरण पुन्हा बघा: मे महिन्यात आपल्याकडे स्वच्छ कार्डसुद्धा काठावर असतं. हिवाळ्यात जी धूळ जाणवतही नाही, ती उन्हाळ्यात मशीन अडवायला पुरते. आणि लग्नसराईही त्याच दिवसांत असते, त्यामुळे स्टुडिओवाल्यांची मशीनं दिवसरात्र चालू असतात.

तापमान ठीक असूनही मशीन झटक्यात बंद होत असेल, तर धुळीच्या मागे लागू नका. उष्णतेनं कार्ड आधी हळू होतं. चित्र अडकतं, पंखे ओरडतात, मग पुढचं. काहीही न होता फटकन अंधार झाला तर पॉवर सप्लाय, यूपीएस आणि घरातलं व्होल्टेज तपासा. ६०० व्हीएचा साधा यूपीएस साधारण ३६० वॅटच देतो. मोठं कार्ड पूर्ण कामावर असताना लाइट गेली की तो मान टाकतो, आणि दोष मात्र कार्डावर येतो.

आणखी एक. कार्डाचे पंखे सुरुवातीला फिरत नाहीत म्हणून काहीजण घाबरून येतात. बऱ्याच कार्डांत ५०-६० अंशांच्या खाली पंखे मुद्दाम बंद ठेवलेले असतात. एखादा गेम किंवा फरमार्क (कार्डाला पूर्ण कामाला लावणारं चाचणीचं सॉफ्टवेअर) पाच मिनिटं चालवा आणि मग बघा.

हॉटस्पॉट आणि कार्डाचं साधं तापमान यांत ३० अंशांहून जास्त तफावत असेल, तर संशय थर्मल पेस्टवर घ्या, म्हणजे चिपची उष्णता वरच्या धातूच्या ठोकळ्याला पोचवणाऱ्या लेपावर. तिथं ब्लोअरचा उपयोग नाही.

दिसते ती धूळ आणि तापवते ती धूळ

पंख्याच्या पात्यांवर बसलेली धूळ सगळ्यांना दिसते, आणि लोक तीच पुसतात. तिनं आवाज वाढतो, पण कार्ड तापायचं खरं कारण तिच्या खाली असतं. पंखा हवा ओढतो आणि ती ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्यांमधून ढकलतो. पट्ट्यांमधली फट दोन मिलिमीटरच्या आतबाहेर. धूळ, तंतू, केस सगळं त्या फटींच्या तोंडाशी अडकतं आणि तिथं थर जमतो. बाहेरून बघितलं तर पंखा गरागरा फिरताना दिसतो, पण हवा पट्ट्यांत शिरतच नाही.

जिनिंगच्या रस्त्यावरच्या एका व्हिडिओ मिक्सिंगवाल्याचं कार्ड आलं होतं. पाती पुसून चकचकीत केलेली. पंख्याचं झाकण काढलं तर खाली पट्ट्यांवर करड्या रंगाचा जाड थर. चिमट्यानं एक कोपरा उचलला तर अख्खा थर एकसंध सुटून आला, घोंगडीचा तुकडा फाडून काढावा तसा. उजेडात धरला तर आत रुईचे पांढरे धागे, काळी माती आणि माणसांचे केस एकमेकांत गुंतलेले दिसले. खालच्या पट्ट्या मात्र नव्यासारख्या होत्या. थर निघाला आणि कार्ड सरळ झालं. दुसरं काहीही करावं लागलं नाही.

आपल्याकडची धूळ सगळीकडे एकसारखी नाही, आणि ते ओळखलेलं बरं. काळ्या मातीत चिकणमातीचा अंश फार. उन्हाळ्यात तिचा फुफाटा होऊन खिडकीच्या फटीतूनही घरात येतो, आणि ओल लागली की तीच माती चिकटते. मानवत, सेलूच्या बाजूला कापसाच्या हंगामात हवेत रुईचे तंतू असतात. ते जाळीसारखे अडकतात आणि मग त्यावर माती बसते. लातूरला डाळ मिलच्या आसपास तुरीच्या टरफलाचा हलका भुगा असतो. जालन्याला लोखंडाच्या कारखान्यांच्या बाजूला काळी, जड धूळ मिळते. कागदाखाली लोहचुंबक फिरवलं तर ती हलते. ही धूळ वीज वाहून नेऊ शकते. म्हणून तिथल्या लोकांनी पंख्याइतकंच लक्ष कार्डाच्या पाठीमागच्या सर्किटकडे द्यावं आणि ओला फडका तिथं अजिबात नेऊ नये. गावात शेताजवळ घर असेल तर सोयाबीन आणि तुरीच्या मळणीचे दिवस आठवा. हडंबा चालू असला की भुसा उडून घरभर येतो, तो मशीनमध्ये जाणारच.

कार्ड साफ करताना

शटडाउन करा, मागचं बटण बंद करा, वायर काढा आणि मग कॅबिनेटचं चालू करायचं बटण दाबून दहा सेकंद धरा. आत साठलेली वीज उतरते. सगळ्या वायरींचा मोबाइलवर फोटो काढा. मॉनिटरची वायर कार्डाच्या कुठल्या पोर्टला होती तेही त्यात दिसू द्या.

बऱ्याच घरांत अर्थिंग धड नसतं, आणि कोरड्या हवेत अंगावर स्थिर वीज तयार होते. प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून, सिंथेटिक कपडे घालून हे काम करू नका. अधूनमधून कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूला हात लावत राहा. कार्ड नेहमी कडेनं धरा.

कार्डाला सहा किंवा आठ पिनांची पॉवर वायर असेल तर तिची खिटी दाबून प्लग सरळ बाहेर ओढा, वायरीला धरून ओढू नका. मागच्या पट्टीचे स्क्रू काढा. मदरबोर्डच्या स्लॉटच्या टोकाला एक छोटी प्लास्टिकची खिटी असते, ती दाबल्याशिवाय कार्ड सुटत नाही. हिच्याकडे लक्ष न देता जोर लावला की खिटी तुटते, कधी स्लॉटही हलतो.

आता मुख्य काम. हातात धरायचा इलेक्ट्रिक ब्लोअर हार्डवेअरच्या दुकानात मिळतो, तो चालेल, पण वीतभर अंतरावरून. पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवा. मोकळा सोडला तर ब्लोअरच्या हवेनं तो त्याच्या नेहमीच्या वेगापेक्षा कितीतरी जोरात फिरतो, बेअरिंग खराब होतं, आणि फिरता पंखा उलट वीज तयार करून कार्डाच्या सर्किटमध्ये पाठवतो.

हवा पंख्याच्या बाजूनं मारू नका. सगळ्यात जास्त चुकतं ते इथंच. धूळ ज्या वाटेनं आत गेली त्याच वाटेनं तुम्ही तिला आणखी आत ढकलता. थर दाबून घट्ट बसतो. वरून स्वच्छ दिसतं आणि महिन्याभरात पुन्हा तीच गत. कार्डाच्या कडेला, जिथून गरम हवा बाहेर पडते तिथं, पट्ट्यांची उघडी टोकं दिसतात. हवा तिथून मारा, म्हणजे थर पंख्याच्या बाजूला उचलला जाईल. मग मऊ केसांच्या एक इंची ब्रशनं पात्यांमधून तो बाहेर काढा. पुन्हा कडेनं हवा, पुन्हा ब्रश, असं धूळ यायची थांबेपर्यंत. काम गच्चीवर किंवा अंगणात करा, नाकाला रुमाल बांधा.

थर जाड असेल तर असं करूनही निघत नाही, पंख्याचं झाकण काढावंच लागतं. काही कार्डांत झाकण वेगळ्या स्क्रूंनी बसवलेलं असतं आणि खालच्या धातूच्या ठोकळ्याला धक्का न लावता निघतं. तसं असेल तर जरूर काढा. पंख्याची बारीक वायर प्लगला धरून सोडवा. मात्र कार्डाच्या पाठीमागे मधोमध, चौकोनात बसवलेले चार स्क्रू असतात, बहुतेकदा स्प्रिंगचे. त्यांना उगाच हात लावू नका. ठोकळा चिपवर दाबून धरतात ते हेच. ते सोडले की जुनी थर्मल पेस्ट उखडली, आता नवी लावल्याशिवाय कार्ड चालवता येणार नाही. शिवाय मेमरीवरचे मऊ थर्मल पॅड फाटतात, आणि त्यांची जाडी अर्धा, एक, दीड, दोन मिलिमीटर अशी ठरलेली असते. चुकीच्या जाडीचा पॅड घातला तर ठोकळा चिपवर नीट टेकत नाही आणि कार्ड आधीपेक्षा जास्त तापतं. वॉरंटी चालू असेल तर स्क्रूवरचं स्टिकर बघा आणि कार्ड उघडायच्या आधी विक्रेत्याला विचारा.

पेस्ट बदलायचीच असेल तर जुनी पेस्ट पुसायला आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) वापरा, मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात बाटली मिळते. पेट्रोल आणि थिनर प्लास्टिक खातात. गंज सोडवायचा स्प्रे तर पंख्याजवळही नेऊ नका, त्याच्या तेलकटपणावर पुढची धूळ दुपटीनं बसते.

पंक्चरच्या दुकानातल्या हवेनं साफ करायची पद्धत आपल्याकडे फार रुळली आहे. मी ती कुणालाच सुचवत नाही. त्या टाकीत पाणी आणि तेल साठलेलं असतं, ते हवेबरोबर तुषार होऊन कार्डावर येतं, आणि दाब इतका असतो की बारीक पट्ट्या वाकतात. घरचा व्हॅक्यूम क्लीनरही कार्डाला टेकवून वापरू नका, त्याच्या नळीवर स्थिर वीज तयार होते.

कॅबिनेट उघडंच आहे तर तळ आणि पुढची जाळीही साफ करून घ्या. पॉवर सप्लायमध्ये मात्र बाहेरूनच हवा मारा. त्याचं झाकण उघडायचं नाही. वायर काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर वीज थांबलेली असू शकते.

कुलर, उघडं झाकण आणि फरशी

इथपर्यंत सगळं नीट केलं तरी कार्ड पुन्हा भरतं, कारण खोली बदललेली नसते. बहुतेक ठिकाणी गुन्हेगार कुलर असतो.

कुलरचं गवत बाहेरची धूळ काही प्रमाणात अडवतं, पण सगळी नाही. जी आत येते ती ओलसर हवेबरोबर येते. काळी माती आणि ओल एकत्र आली की ती पट्ट्यांवर लिंपल्यासारखी बसते, ब्रशनं सुटत नाही. त्यात बोअरचं पाणी क्षारांचं. कुलरमधून बारीक तुषार उडत असतील तर ते सुकल्यावर पांढरे डाग राहतात, मॉनिटरच्या काचेवर तुम्ही ते पाहिलेही असतील. जे काचेवर बसतं ते कार्डावरही बसतं. मशीन चालू असताना कार्ड गरम असतं, ओल टिकत नाही. खरा त्रास रात्री होतो. मशीन बंद, कुलर रात्रभर चालू, आणि आतली धूळ सकाळपर्यंत दमट होऊन घट्ट. म्हणून कॅबिनेट कुलरच्या सरळ झोतातून बाजूला घ्या, आणि समोरची खिडकी किंवा दार थोडं उघडं ठेवा, म्हणजे ओलसर हवा खोलीत कोंडणार नाही. मशीन बंद असताना त्यावर सुती कापड टाका. चालू करायच्या आधी ते काढलंच पाहिजे, घरात सगळ्यांना सांगून ठेवा.

दुसरी सवय कॅबिनेटचं झाकण काढून टेबल फॅन लावायची. कार्ड त्या दिवशी थंड होतं हे खरं. मुदतीचं रेंडर अडकलं असेल तर एका दुपारीपुरतं करा. पण झाकण महिनाभर उघडं राहिलं की फॅन खोलीतली सगळी धूळ थेट कार्डावर फेकतो. त्यापेक्षा एमएसआय आफ्टरबर्नर या सॉफ्टवेअरमध्ये कार्डाची पॉवर लिमिट, म्हणजे कार्ड जास्तीत जास्त किती वीज खाईल ती मर्यादा, ८० टक्क्यांवर आणा. रेंडरला थोडा वेळ जास्त लागतो, पण तापमान चांगलंच उतरतं आणि पंखे शांत होतात. दुपारी बारा ते चार या वेळात मी स्टुडिओवाल्यांना हेच करायला सांगतो.

कॅबिनेट फरशीवर असेल तर झाडूनं उडणारी सगळी धूळ आधी त्याच्यात जाते. हातभर उंच स्टुलावर किंवा टेबलावर ठेवा, आणि मागची बाजू भिंतीला चिकटवू नका.

मग पंख्यांची दिशा बघा. पंख्याच्या ज्या बाजूला मोटर धरणाऱ्या आडव्या काड्या दिसतात, तिकडून हवा बाहेर पडते. पुढून आत येणारी हवा मागून बाहेर जाणाऱ्या हवेपेक्षा थोडी जास्त असायला हवी. म्हणजे कॅबिनेटच्या फटींतून हवा बाहेर ढकलली जाते, धूळ आत ओढली जात नाही. हे तपासायला मशीन चालू करून, झाकण बंद करून, पेटवलेली उदबत्ती फटींजवळून हळूहळू फिरवा. पुढच्या पंख्याजवळ धूर आत जायला हवा. पण मागच्या रिकाम्या स्लॉटांच्या आणि झाकणाच्या फटींजवळही तो आत ओढला जात असेल, तर पुढे एक पंखा वाढवा किंवा मागचा हळू करा. पुढच्या पंख्यापुढे बारीक नायलॉनची जाळी लावा. फुफाटा तिनं पूर्ण थांबत नाही, पण रुई आणि भुसा थांबतो, आणि थर धरायला सुरुवात तोच करतो. जाळी हंगामात दर आठवड्याला धुऊन, पूर्ण वाळवून लावा. भरलेली जाळी न लावल्यापेक्षा वाईट.

वेळापत्रक म्हणाल तर आपल्या भागात दोनदा पुरतं. एकदा सोयाबीनची मळणी आणि दिवाळीची झाडझूड उरकल्यावर, आणि एकदा पाडव्याच्या आसपास, कुलर सुरू व्हायच्या आधी. जिनिंग किंवा मिलजवळ राहणाऱ्यांनी मध्ये आणखी एकदा करावं. घराची रंगसफेदी चालू असेल तर मशीन त्या खोलीत ठेवूच नका.

साफ केल्यावर डिस्प्ले येत नसेल तर

घाबरू नका, बहुतेकदा कार्ड मेलेलं नसतं. मॉनिटरची वायर चुकून मदरबोर्डच्या पोर्टला लागली आहे का बघा, ती कार्डाच्या पोर्टला हवी. पॉवरची वायर खिटीचा आवाज येईपर्यंत बसली आहे का बघा. कार्ड काढून पुन्हा सरळ दाबून बसवा, स्लॉटची खिटी आपोआप वर आली पाहिजे. ब्रश फिरवताना रॅम हलली असेल तर तीही काढून बसवा. कार्डाच्या सोनेरी पट्ट्या काळवंडल्या असतील तर पेन्सिलच्या मऊ खोडरबरानं हलक्या हातानं पुसा, चुरा झटका आणि आयपीएनं पुसून वाळू द्या. तरीही अंधार असेल आणि मदरबोर्डला स्वतःचं डिस्प्ले पोर्ट असेल, तर कार्ड काढून वायर तिथं लावून बघा. तिथं चित्र आलं तर बाकीचं मशीन ठीक आहे, दुकानात फक्त कार्ड आणि त्याची पॉवर वायर घेऊन या. अख्खं कॅबिनेट मोटारसायकलवर बांधून आणायची गरज नाही.